सहानंतरची ज्योत्स्ना

१

लातूरच्या ट्यूशन एरियात शिरताना एक भला मोठा फलक लागायचा. त्यावर मेडिकलला लागलेल्या पोरापोरींचे फोटो, मधोमध क्लासचालक रेणुकादास सरांचा हात जोडलेला फोटो आणि खाली ठळक आकड्यांत एक मोबाइल नंबर. नंबराच्या पुढे लिहिलं होतं, ‘पालक संपर्क, केव्हाही’. हे ‘केव्हाही’ ज्योत्स्नाच्या वाट्याला आलं होतं.

तिच्या नेमणूकपत्रात कामाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी होती. सहा वाजता ती टेबल आवरून निघायची, पण क्लासचा मोबाइल तिच्या पर्समध्येच असायचा. खोलीवर पोचून ती कुलूप काढेपर्यंत तो वाजायला लागलेला असे. देगलूरहून कुणी विचारी, पोरगी मेसचं जेवायली का? बिलोलीहून कुणी म्हणे, टेस्टमधे इतके कमी कसे पडले, तुमी लक्ष देता का न्हाई? कुणी नुसतंच रडे. तिसऱ्या रिंगच्या आत फोन उचलायचा, असा सरांचा नियम होता. सर कधी आवाज चढवत नसत. न उचललेल्या फोनची वेळ एका चिठ्ठीवर लिहून ती सकाळी तिच्या टेबलावर ठेवत, इतकंच.

तिची आई, सरजाबाई, चाकूरला धाकट्या लेकापाशी राहायची. तिचा फोन साधारण सातला यायचा, ज्योत्स्नाच्या स्वतःच्या मोबाइलवर. “काय करायलीस?” असं तिनं विचारायचं आणि तेवढ्यात दुसरा फोन वाजायचा. “माय, क्लासचा फोन यायलाय. ठेव, मी करते.” करते म्हणायची, पण करणं व्हायचं नाही. दोन वर्षं असंच चाललं. सरजाबाईनं कधी तक्रार केली नाही. “बरं माय, कर तुझं काम,” म्हणायची आणि ठेवायची.

एकदा रविवारी ज्योत्स्ना चाकूरला गेली होती. घरात रेंज नव्हती, म्हणून ती अंगणाच्या भिंतीला टेकून एका पालकाला रिपीटर बॅचचं वेळापत्रक समजावत होती. सरजाबाई ताट घेऊन बाहेर आली. लेकीच्या एका हातात फोन, दुसऱ्यात वही. ताट ठेवायला जागा नव्हती, म्हणून म्हातारी ते दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली. बोलणं संपायला वीस मिनिटं लागली. ती हललीसुद्धा नाही.

२

त्या पावसाळ्यात ज्योत्स्नाला डेंग्यू झाला. दवाखान्यात सलाइन चालू असताना उशापाशी क्लासचा फोन वाजत होता आणि ती सुई टोचलेल्या हातानं तो उचलत होती. तिचा भाऊ धम्मानंद चाकूरहून आला होता. तो कोर्टात एका वकिलाच्या हाताखाली लिहिण्याचं काम करायचा. थोडा वेळ त्यानं नुसतं बघितलं, मग तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

“अक्का, तुझ्या कागदावर वेळ काय लिहिलीय?”

“दहा ते सहा.”

“मग हे काय करायलीस? सहानंतरचा फोन म्हंजे बी कामच की. काम सुटल्यावर माणूस सुटला पायजे. लेखी दे. तोंडी बोललेलं कुणी ध्यानात ठेवत न्हाई.”

बरी झाल्यावर तिनं अर्ज लिहिला. नेमणूकपत्राप्रमाणे संध्याकाळी सहानंतर व रविवारी मी फोन घेऊ शकणार नाही, त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी. 

रेणुकादास सरांनी अर्ज दोनदा वाचला. “ज्योत्स्ना, लेकरं इथं टाकून गेलेल्या माणसाला सहा वाजता चैन पडतं का?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“नसंल पडत सर. पण मला पण घर आहे.”

त्यांनी फलकावरच्यासारखेच हात जुळवले. मग म्हणाले, “ठीक आहे. जाताना फोन तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवून जात जा. बघू काय होतं.”

त्या दिवशी सहा वाजता तिनं क्लासचा फोन बंद केला, ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली. खोलीवर आली, कुकर लावला आणि शिट्टी व्हायच्या आधीच भिंतीला टेकून झोपून गेली. आईला फोन करायचं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशीही ठरवलं होतं. अंगात इतक्या दिवसांचा शीण साचला होता की संध्याकाळ झाली की तिला फक्त गप्प बसावंसं वाटायचं. कुणाशीही, आईशीसुद्धा, एक शब्द बोलू नये असं.

३

चौथ्या दिवशी देगलूरचे वीरण्णा क्लासमध्ये आले. त्यांची मुलगी रिपीटर बॅचला होती. टेबलासमोर उभं राहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“म्याडम, तुमचे लई उपकार झाले. काल तुमी पोरीला समजावून सांगितलात म्हणून ती राह्यली. बॅग भरून बसली होती ती.”

“काल कधी, मामा?”

“साडेसातला की. मी तुमाला लावलो, मग तुमी माझ्या पोरीला लावलात. अर्धा घंटा बोललात म्हणून सांगायलीय ती.”

ज्योत्स्ना हसली आणि मान हलवली, कारण माणूस एवढ्या लांबून आला होता. त्यांचा काहीतरी घोटाळा झाला असणार. मुग्धा बोलली असेल. मुग्धा शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर सांभाळायची. पण मुग्धा पाचलाच औशाच्या बसनं घरी जायची आणि तिला पालकांशी बोलायची भीती वाटायची.

वीरण्णा गेल्यावर ज्योत्स्नानं फोनमधली नोंद काढली. काल सात बत्तीस, आलेला फोन. सात एक्केचाळीस, केलेला फोन, एकोणतीस मिनिटं. त्याच्याखाली आणखी नऊ. परवाचे अकरा. सगळे सहानंतरचे आणि सगळे उचललेले. फोन बंद होता, ड्रॉवरला कुलूप होतं, किल्ली तिच्या उशाखाली होती.

“सरांनी दुसरं सिम घेतलं असंल,” मुग्धा म्हणाली. “दुसऱ्या कुणाला बसवलं असंल सहानंतर.”

हे पटण्यासारखं होतं. ज्योत्स्नानं सरांना विचारलं. सर तिच्याकडे कौतुकानं बघत राहिले.

“तुम्हीच घेताय की. अर्ज दिलात, पण मन ऐकत नाही तुमचं. मी काल मुद्दाम लावून बघितलं. दुसऱ्या रिंगला उचललात.”

“सर, मी नाही उचलला.”

“बरं,” ते म्हणाले, आणि हसून फाइल उघडली.

क्लासमधले सगळे फोन आपोआप रेकॉर्ड होऊन मुग्धाच्या कॉम्प्युटरवर जमा होत. दुपारी मुग्धा जेवायला गेली असताना ज्योत्स्नानं कानाला हेडफोन लावले. “नमस्कार, पालक संपर्क, ज्योत्स्ना बोलते.” आवाज तिचाच होता. ‘बोलते’मधल्या ‘ते’वर ती किंचित थांबायची, ते थांबणंही होतं. पण तिला सगळ्यात विचित्र वाटलं ते त्या आवाजाचं थकलेलं नसणं. वीरण्णांची पोरगी मुसमुसत होती आणि हा आवाज घाई न करता, मधे न तोडता, तिला तिच्या गावाकडचं विचारत होता. ज्योत्स्ना इतक्या मायेनं कधीच कुणाशी बोलली नव्हती. निदान गेली दोन वर्षं तरी नाही.

आणि मागं कसलाही आवाज नव्हता. संध्याकाळी साडेसातला त्या रस्त्यावर क्लास सुटतात, सायकली, रिक्षा, वडापावच्या गाड्या, शेकडो पोरं. रेकॉर्डिंगमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. जणू कुणी भिंती नसलेल्या जागेत बसून बोलत होतं.

४

दुसऱ्या दिवशी ती सहाला निघालीच नाही. फोन बंद करून ड्रॉवरला कुलूप लावलं, ऑफिसचं दार ओढून घेतलं आणि समोरच्या रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली. फळ्यावर दुपारचं रसायनशास्त्र तसंच होतं. ऑफिसच्या दाराला धूसर काच होती आणि आत पांढरा दिवा चालूच राहायचा.

तिनं स्वतःला समजावलं. आत कुणी गेलं तर दिसेलच. तारांचा काही घोटाळा असेल, आवाजाची नक्कल करणारी मशिनंही आता निघाली आहेत. सर हुशार माणूस आहे, काहीतरी करून घेतलं असेल. भ्यायचं काय त्यात?

सहा अठराला फोन वाजला. ड्रॉवरच्या लाकडात दबलेला आवाज, एक रिंग, दुसरी. मग तो थांबला आणि काचेपलीकडे कुणीतरी बोलायला लागलं.

ज्योत्स्ना उठली. दारापाशी गेली. काचेत एक पाठमोरी आकृती होती. खांद्यावरून पुढं घेतलेली वेणी. डाव्या कानाला फोन, मान त्याच बाजूला कललेली. ज्योत्स्नाची मान दोन वर्षांत तशीच कलती झाली होती. ती आकृती वहीत काहीतरी लिहीत होती आणि लिहिता लिहिता मोकळ्या हातानं कपाळ दाबत होती.

ज्योत्स्नानं दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. ड्रॉवरला कुलूप होतं. वही मिटलेली होती. फक्त तिच्या खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती आणि ती बघत असताना हळूहळू, श्वास घेतल्यासारखी, वर येत होती.

५

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याचा विचार ती पुढं पुष्कळ करायची. आधी भीती होती. मग, तीनचार दिवसांनी, भीतीच्या खाली दुसरं काहीतरी आहे हे तिच्या ध्यानात आलं. तिला बरं वाटत होतं. फोन उचलले जात होते, सरांची चिठ्ठी येत नव्हती, आणि ती मोकळी होती. जे कुणी तिथं बसत होतं ते कपाळ दाबत होतं, हे तिनं पाहिलं होतं. तरी ती सहाला पर्स उचलून निघायची.

गुरुवारी तिनं स्वतःचाही फोन बंद केला आणि दिवेलागणीलाच अंथरूण टाकलं. रविवारी चाकूरला जायचं, आईजवळ दिवसभर बसायचं असं मनाशी ठरवत तिचा डोळा लागला.

शुक्रवारी सकाळी फोन चालू केला तेव्हा धम्मानंदचा फोन आला. माय पहाटे झोपेतच गेली होती.

चाकूरला पोचेपर्यंत माणसं जमली होती. त्रिशरण, पंचशील झालं. सगळं उरकून संध्याकाळी बहीणभाऊ ओसरीवर बसले. धम्मानंदचे डोळे सुजले होते, पण त्याच्या चेहऱ्यावर एक समाधानही होतं. ते तिला कळेना.

“अक्का, एक बरं झालं,” तो म्हणाला. “काल तुमचं बोलणं झालं ते. सवा घंटा बोलली माय. एवढं बोललेली मी कधी बघितलो न्हाई तिला.”

ज्योत्स्नानं त्याच्याकडे बघितलं.

“तुझा फोन लागत नव्हता, मग मीच तुझ्या कार्डावरचा क्लासचा नंबर लावून दिलो. तू लगेच उचललीस. पयल्यांदा मायला वाटलं तू ठेव म्हणशील. पण तू बोलत राह्यलीस. इथंच बसली होती ती, या खांबाला टेकून. हसायली, मधेच रडायली. मग भूकंपाच्या सालचं काढली.”

“काय काढली?”

“मोठीचं. आपली मोठी बहीण, आठ दिवसांची होती ती. औशाकडच्या घरात भिंतीखाली गेली. तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं म्हणून बाबा सांगायचे. पण माय मनात एक नाव धरली होती म्हणं. ते बाबाला सांगितली न्हाई, मला न्हाई. काल आत जाता जाता माझ्या कानावर पडलं, ‘तुला म्हणून नाव सांगायले, ज्योते.’ मी दार लावून घेतलो. म्हटलं माय-लेकीचं हाय, आपण कशाला ऐकावं.” त्यानं डोळे पुसले. “काय नाव होतं ग तिचं, अक्का?”

 “सांगते नंतर,” ज्योत्स्ना म्हणाली.

६

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर ती लातूरला आली. थेट मुग्धाच्या कॉम्प्युटरपाशी गेली. गुरुवार, सात वाजून दहा मिनिटं. एक तास चौदा मिनिटांची फाइल होती.

“नमस्कार, पालक संपर्क, ज्योत्स्ना बोलते.”

“ज्योते, मी हाय. कामात हाईस का? ठेवू का मग?”

आईचा आवाज ऐकून ज्योत्स्नानं टेबलाची कड घट्ट धरली.

“न्हाई माय, बोल,” तिचाच आवाज म्हणाला. क्लासमध्ये ती कधी अशी बोलत नसे, घरच्या बोलीत. “थांब जरा. हे सगळं रेकॉर्ड व्हायलंय. लोकं ऐकतात. बंद करते.”

पुढं एक तास तेरा मिनिटं काहीच नव्हतं. ज्योत्स्नानं ते सगळं ऐकलं. शेवटपर्यंत. मुग्धानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तिला कळलं नाही.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आईबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, “तुमच्यासारखं माणूस मिळणार नाही, ज्योत्स्ना. सुट्टीवर असूनही फोन घेत होतात. मातीच्या दिवशीसुद्धा चार फोन घेतलेत. मी पोरांना तुमचं उदाहरण सांगतो.”

त्यांच्या डोळ्यांत खरंच आदर होता. ज्योत्स्नाला त्याची त्या धूसर काचेपेक्षा जास्त भीती वाटली. तिनं तिथंच कागद मागून घेऊन राजीनामा लिहिला, ड्रॉवरची किल्ली काढून ठेवली आणि निघाली. दारातून तिनं एकदा आपल्या खुर्चीकडे बघितलं. दुपारचे तीन वाजले होते. खुर्ची रिकामी होती.

७

चाकूरला आल्यावर सहा दिवस तिनं स्वतःला आवरलं. सातव्या दिवशी, सूर्य मावळल्यावर, ती ओसरीवर खांबाला टेकून बसली आणि फलकावरचा नंबर लावला. तिच्या जागी अजून कुणाला घेतलं नव्हतं, हे मुग्धानं सांगितलं होतं. सहानंतर फोन सरांच्या कपाटात बंद असायचा.

दुसऱ्या रिंगला उचलला गेला.

“नमस्कार, पालक संपर्क, ज्योत्स्ना बोलते.”

तिला वाटलं होतं, आपण ओरडू किंवा फोन फेकून देऊ. पण तिच्या तोंडून बाहेर पडलं ते एखाद्या पालकासारखं, अजिजीनं. “ताई, जरा विचारायचं होतं.”

“विचारा ना. विद्यार्थ्याचं नाव काय?”

“नाव माहीत नाही. तेच विचारायचं होतं. गेल्या महिन्यात, गुरुवारी, चाकूरहून एक बाई तुमच्याशी बोलल्या. सरजाबाई. त्यांनी तुम्हाला त्यांच्या मोठ्या लेकीचं नाव सांगितलं. भूकंपात गेली ती.” तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. “मी पण त्यांचीच आहे हो. मला नाही सांगितलं.”

पलीकडं शांतता पसरली. पण ती रेकॉर्डिंगमधली मोकळी शांतता नव्हती. या वेळी मागं काहीतरी होतं. आधी तिला ते कळलं नाही. चुलीत काटकी मोडल्याचा आवाज. पितळी तांब्या फरशीवर ठेवल्याचा. ते एक घर होतं, कुठलं तरी, संध्याकाळचं, आणि फोन घेणारी त्या घराच्या एका कोपऱ्यात उभी होती.

“सांगते,” पलीकडचा आवाज म्हणाला. तो आता दमलेला होता, अगदी तिच्यासारखा. “बसून बोलल्या त्या. लई काही सांगितल्या. त्यांनी नाव ठेवलं होतं ते...”

तेवढ्यात मागून, घराच्या आतल्या अंगानं, कुणीतरी बोललं.

“ज्योते, ठेव की माय आता. जेवण निवायलंय. किती बोलशील?”

धम्मानंद आत पेपर वाचत होता. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. ज्योत्स्नाचं सगळं अंग कानात गोळा झालं होतं. तो आवाज ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

“एक मिनिट, माय, क्लासचा फोन हाय,” पलीकडची ज्योत्स्ना फोनवर हात ठेवून म्हणाली. मग परत आली. “माफ करा ताई. बोला. नाव सांगत होते मी.”

एवढं ऐकून घ्यायचं होतं. एक शब्द. मग सगळं ठेवून देता आलं असतं, धम्मानंदलाही सांगता आलं असतं. मागं तांब्या उचलल्याचा आवाज आला आणि पावलं. कुणीतरी ताट घेऊन तिच्यापाशी येऊन उभं राहिलं असावं, कारण पलीकडच्या आवाजानं श्वास घेतला आणि पुन्हा हळूच म्हटलं, “हं, ताई?”

“नको,” ज्योत्स्ना म्हणाली.

“काय?”

“नको सांगू. ठेव तू फोन. सहा वाजून कधीच गेलेत.” तिला रडू आवरत नव्हतं, पण शब्द नीट येत होते. “बंद करून ठेव आणि आत जा. कुणाचाही आला तरी उचलू नकोस. सरांचा आला तरी नको. जा.”

 पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. मग फोन बंद झाला.

तिनं पुन्हा लावून बघितला. एकदाच. नंबर बंद असल्याचं बाईचं ठरावीक वाक्य आलं, मराठीत, मग हिंदीत. पुढच्या आठवड्यात मुग्धा सांगणार होती की सहानंतर पालकांचा एकही फोन आता लागत नाही, सर फलकावरचा नंबर बदलायच्या विचारात आहेत. पण ते नंतरचं.

धम्मानंद चष्मा कपाळावर सरकवत ओसरीवर आला. तिचा चेहरा बघून खाली बसला.

“कुणाशी बोलायलीस, अक्का?”

“क्लासमध्ये होती एक. माझ्यानंतर तीच बघायची सगळं.”

“काय म्हणायली?”

ज्योत्स्नानं फोन पालथा करून जमिनीवर ठेवला आणि अंधारत चाललेल्या अंगणाकडं बघत राहिली.

“काही न्हाई,” ती म्हणाली. “तिची सुट्टी झाली.”